दादाची लाल गाडी

हैदराबाद,
१९ जानेवारी २०२५

मंजुश्री वहिनी,

नमस्कार करतो. आईलाही सांगा. तुरी काढून झाल्या असतील. आईशी फोनवर बोललो, पण तिला आता ऐकू कमी येतं. मी विचारतो रास कशी पडली, ती सांगते म्हशीचं. इकडे थंडी फारशी नाही. नोकरी बरी चालली आहे. पल्लवीला कन्नड भाषणात बक्षीस मिळाल्याचं कळलं, फार बरं वाटलं.

पत्र बघून नवल वाटेल तुम्हाला. दिवाळीपासून मी फोन केला की तुम्ही "पल्लवीशी बोला" म्हणून तो तिच्या हातात देता. त्याची तक्रार नाही. पण मला जे सांगायचं आहे ते पल्लवीला सांगण्यासारखं नाही.

गाडीबद्दलच लिहितो आहे.

दादानं ती आणली तेव्हा अख्खं मंठाळ गाव हसलं होतं. आडत दुकानाचा मालक आणि गाडी घेतो दोन दारांची, लालभडक, जीत तुरीचं एक पोतं मावत नाही. आई म्हणाली होती, "व्यंकट, ह्यात बसायचं कसं आन् उठायचं कसं?" दादा नुसता हसला आणि तुम्हाला घेऊन बिदरला जाऊन आला. मग दर रविवारचं तेच झालं. तुम्ही शेजारी, पल्लवी तुमच्या मांडीवर.

तो गेल्यावर गाडी शेडमध्ये तशीच उभी राहिली. वर्षश्राद्ध झाल्यावर तुम्हीच किल्ली माझ्या हातात दिलीत. "भावजी, बसून बसून बाद व्हायलीय. चालवत जावा. पल्लवी मोठी झाली की तिची तिला द्या." एवढंच मागितलं होतं तुम्ही.

मी आधी फक्त टायर बदलायला म्हणून इथल्या एका गॅरेजात नेली. रुंद टायर बसवले. मग वाटलं, एवढे टायर आहेत तर गाडी अजून खाली घ्यावी. स्प्रिंगा कापून घेतल्या. सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा पाइप लावला, इंजिनाची ताकद वाढवली. शर्यतीच्या गाडीत असतात तसल्या अरुंद सीट घातल्या, डॅशबोर्ड बदलला, लाल रंगावर काळा चढवला. एक केलं की दुसरं करावंच लागे. गाडी खाली आली तशी खड्ड्यात आपटू लागली. ताकद वाढली तसं इंजिन तापू लागलं. जे मोडे ते नीट करायच्या ऐवजी मी आणखी काहीतरी बदलून घेई. ऑफिसातली पोरं फोटो काढायची. दादानं बघितली असती तर खूश झाला असता, असं मी सगळ्यांना सांगायचो.

दिवाळीला काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. राजेश्वर गावाच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर इंजिनाखालचं ऑइल चेंबर फुटलं आणि अंकुशरावांच्या ट्रॅक्टरला बांधून गाडी दारात आली. पल्लवी पळत बाहेर आली. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि थांबली.

"काका, ही कुणाची हाय? अप्पाची गाडी कुठं ठेवलास?"

"हीच की गं."

तिनं काचेतून आत बघितलं. "न्हाई. ही न्हाई," म्हणाली आणि घरात गेली. ती रडली असती तर मी तिची समजूत काढली असती.

तुम्ही चहा आणून दिलात. मी पिऊन झाल्यावर कप उचलताना म्हणालात, "ही तुमची गाडी हाय भावजी. तुमच्याकडंच असू द्या."

परत आल्यावर मी गॅरेजात जाऊन सगळं पहिल्यासारखं करायला सांगितलं. जुन्या वस्तू त्यांनी भंगारात दिल्या होत्या. मी कधी ठेवा म्हणालोच नव्हतो. भंगारवाल्याकडे चौकशी केली तर डॅशबोर्ड तोडून झाला होता. सीट मात्र एक ट्रकवाला हुमनाबादच्या पंक्चर दुकानासाठी घेऊन गेला होता.

हुमनाबाद नाक्याजवळ गुरुशांतप्पा म्हणून आहेत. वयस्क माणूस. दुकानासमोर दोन फळ्यांवर ती सीट ठोकून त्यावर बसलेले. दादाच्या खिशातल्या पोती शिवायच्या दाभणानं सीट कडेला फाटली होती आणि तुम्ही निळ्या दोऱ्यानं टाके घातले होते, ते टाके तसेच होते. मी तिथंच उभा राहिलो.

"कामून बघायलास अण्णा? सीट कधी बघितली न्हाई का?"

"माझ्या भावाची हाय."

"भाऊ कुठं हायत?"

मी वाकून त्या टाक्यांवर बोट ठेवलं. ते उठले, उपरण्यानं सीट झटकली आणि म्हणाले, "बस की मग." मी बसलो. बराच वेळ बसलो. येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी कानडीत काहीतरी सांगितलं, तो मुकाट्यानं बाजूला उभा राहिला.

सीट त्यांनी दिली. बदल्यात मी माझी नवी सीट नेली होती. बसून बघितली त्यांनी. "ह्याच्यात माणूस अडकून बसंल. मला आपली खुर्ची दे," म्हणाले. खुर्ची आणून दिली.

वहिनी, आता जे लिहितो ते दिवाळीतच सांगायला हवं होतं. तुम्ही किल्ली दिलीत त्या दिवशी मी गाडीत बसलो तर पाय क्लचला पोचेनात. दादा उंच. त्यानं सीट पार मागं घेतलेली. खालची दांडी ओढून ती पुढं सरकवायची, एवढंच काम होतं. माझा हात दांडीकडे जाईना. वाटलं, दादा अजून तिथं बसला आहे आणि मी त्याला ढकलतो आहे. सीटच्या टोकावर बसून मी हैदराबाद गाठलं आणि पुढं ती सीटच काढायला लावली. मग डॅशबोर्ड, मग रंग. गाडी भारी दिसावी म्हणून मी काही केलं नाही. दादा ज्यात ज्यात दिसायचा, ते ते काढत गेलो. तुम्हाला आणि पल्लवीला नेमकं तेच हवं असेल, हे मनातच आलं नाही. एकदा विचारायचं तरी होतं.

गाडी आता उंचीला पूर्वीसारखी आहे. आवाज कमी झाला आहे. रंग लाल दिला, पण तो लाल नाही जमला. डॅशबोर्ड दुसऱ्याच गाडीचा आहे. ती पुन्हा दादाची गाडी होणार नाही, हे मला कळलं आहे. पल्लवीलाही तसंच सांगा, हीच ती आहे असं म्हणू नका.

येत्या रविवारी घेऊन येतो. नको असेल तर आईकडून निरोप द्या, मी वाईट वाटून घेणार नाही.

सीट मात्र त्याचीच आहे. ती सरकते त्या खालच्या पट्ट्या गंजून, जिथं त्यानं ठेवली तिथंच अडकली होती. ग्रीस लावून मोकळी केली, पण जागची हलवली नाही. मी पाठीला उशी लावून चालवतो. पल्लवी गाडी शिकेल तेव्हा तिची तिनंच पुढं घ्यावी.

दादाचा धाकटा भाऊ,
राम