बासष्ट गुण

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

"तुझ्यावर सोडून मी निर्धास्त आहे," असं तू म्हणाली होतीस. तीन वर्षांपूर्वी, तुझ्या लेकीची, आपल्या मासोळीची बॅग माझ्या दारात ठेवताना.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. तिचा खोकला गेला. उशीची खोळ कितीदा धुतली तरी पोहण्याच्या तलावातल्या पाण्याचा वास काही जात नाही.

परवा तिचे गणिताचे गुण कळले. बासष्ट. तलावावर कोचनी सगळ्या पालकांसमोर जाहीर केलं, "बघा, पोहूनही पोरं शिकतात!" टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांची किळस आली. मग स्वतःची.

परीक्षेच्या दिवशी ती पहाटे दोन तास पोहून आली होती. पहिलं उदाहरण अर्धं सोडवलं आणि बाकावर गाल टेकून झोपली. वर्गावर देखरेखीला मीच होते. उठवलं नाही. नंतर मुख्याध्यापिकांनी तिचा पेपर माझ्याकडे सरकवला. "तिच्या पोहण्यानं शाळेचं नाव होतंय. जरा बघून घ्या." घरी आले, तर तुझा फोन; बाईंनी तुला आधीच कळवलं होतं. "दोन पानं लिहायला तुला कितीसा वेळ लागतो गं?"

पाऊण तास लागला. तिच्यासारखं तिरकं अक्षर काढत बसले. दोन चुका मुद्दाम केल्या. त्या चुकांचं तेव्हा मला कौतुक वाटलं, ताई.

काल तिला सांगितलं. वाटलं, रडेल, भांडेल. ती ओले केस पुसत म्हणाली, "माहितीये गं मावशी. पण बासष्ट जरा जास्त झाले. वर्गातली पोरं मला 'पोहून पास' म्हणतात. पुढच्या वेळी पंचेचाळीसच कर." चिडलीसुद्धा नाही. माझीच समजूत काढल्यासारखी पाठ थोपटून गेली. तेरा वर्षांची पोर!

आज सकाळी शाळेच्या समितीला सगळं लेखी दिलं. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तिची फेरपरीक्षा एकवीस तारखेला ठरली आहे, म्हणजे पोहण्याच्या निवड चाचणीच्याच दिवशी. कोच म्हणाले, "आईची सही आणा, मग चाचणीतून नाव काढतो. मावशीची चालणार नाही."

अर्ज सोबत ठेवला आहे. तू नाहीच म्हणणार, मला ठाऊक आहे. कदाचित बॅग भरून तिला घेऊनही जाशील. तरी मागते. सही कर, ताई. एकदा तिला तिच्या हाताने नापास होऊ दे.

तुझी,
धाकटी