डाळिंबाच्या बागेची कॅसेट

यझद, ३ आबान

चि. बेहरंग यास माहलकाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसले. तू आणि नस्तरन या महिन्यात तलाकसाठी कोर्टात जाणार, आणि वर ऐटीत लिहितोस की इतक्या वर्षांत घरात एकदाही आवाज चढला नाही! अरे, हे काय मिरवायचं? तुम्ही एका घरात दोन पाहुणे राहिलात, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आपल्या लोकांनी आपल्याला अदब शिकवली, कबूल. पण त्या अदबीपायी नवरा-बायकोनं एकमेकांपासून मन लपवावं, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

संसार मोडायला आलेल्यांना सल्ला देणाऱ्या माझ्या केंद्रात जोडपी सिनेमा बघायला येतात, याचं तुला हसू येतं. खुशाल हस. स्वतःच्या संसाराबद्दल विचारलं की हीच माणसं चहाच्या पेल्यात बघत बसतात. पडद्यावरच्या नवऱ्याबद्दल विचारलं की तावातावानं बोलतात, आणि बोलता बोलता स्वतःवर येतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यातल्याच एका सिनेमाची कॅसेट पाठवते आहे. शेजारी बसून बघा, आणि नंतर फक्त त्या सिनेमातल्या जोडप्याबद्दल बोला. सोबतचा गोड बाकलावा नस्तरनसाठी आहे, तू पोट सांभाळ.

तुझी भांडखोर ताई. आहे तशी गोड मानून घे.


केरमान, १७ आबान

ती. ताईस बेहरंगचा सा. न.

बाकलावा मीच संपवला. सिनेमाही पाहिला. त्यातला म्हातारा बायकोला शहर आवडेल म्हणून डाळिंबाची बाग विकतो. तिला बाग हवी असते, पण त्याचा हिरमोड नको म्हणून ती गप्प. मी चिडून म्हणालो की या बैलाला तोंड उघडून विचारता येत नव्हतं का. नस्तरन म्हणाली की विचारलं होतं त्यानं, पण उत्तर आधीच ठरवून. आणि उठून गेली. मला कुठेतरी टोचलं.

काल कोर्टाच्या दारात सवयीनं मी बाजूला झालो, म्हटलं आधी तू. ती म्हणाली की छे, आधी तुम्ही. आमचं हे चालूच. मागे रांग खोळंबली. एक म्हातारी ओरडली की तलाक घ्यायला आलात ना, मग वऱ्हाडासारखा मान कसला देताय! सगळे हसले. नस्तरन हसली नाही. भर दारात म्हणाली की तिला आत जायचंच नाही, कधीच जायचं नव्हतं. इस्फहानला आईकडे राहिलीस तर बरं वाटेल का, असं मी वसंतात विचारलं होतं. मला ती नकोशी झाली असं समजून तिनं ‘जशी तुमची इच्छा’ म्हटलं होतं. ताई, मी तर तिला माहेरची ओढ लागली म्हणून विचारलं होतं! आणि तिच्या त्या उत्तरावरून तिलाच वेगळं व्हायचंय असं धरून तलाकपर्यंत आलो.

मग माझा आवाज चढला. तिचा त्याहून चढला. घरी पोचेपर्यंत भांडत होतो, घरातही थांबलो नाही. खालच्या शेजारीणबाईंनी घाबरून दार वाजवलं. नस्तरननं मान ताठ करून सांगितलं की काही नाही, आमचं भांडण चाललंय. आणि आत या असंही न म्हणता त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

लोभ माझ्यावर होताच, आता आम्हां दोघांवर मिळून असावा.

बेहरंग