न टांगलेल्या तक्त्याचे वाचन

त्रिरत्नांचे मंगल छत्र आपल्या घरावर अखंड असो.

आदरणीय साडूबुवा जयसिंगराव यांना काळेवाडीहून बुद्धभूषणचा सविनय जयभीम. आपला गुडघा आणि तानुबाईंचा खोकला कसा आहे, ते सविस्तर कळवावे. इकडे सर्व क्षेम आहे. (पुढील मजकूर वाचूनही हेच मत ठेवावे.)

माझा बस चालवण्याचा परवाना या महिन्यात संपतो आणि नूतनीकरणास डॉक्टरांचा दाखला लागतो. तो न मिळाल्यास चाकणच्या कंपनीची पस्तीस माणसे, जी एकोणीस वर्षे माझ्या बसमध्ये निर्धास्त झोपत आली, ती दुसऱ्याच्या हाती जातील. परंतु दाखल्याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

दवाखान्यात माझ्यापुढे सहा चालक होते. आतले वाचन बाहेर स्पष्ट ऐकू येई. विहारात चाळीस वर्षे सुत्तपठण केलेल्या माणसाच्या कानावर एखादी गोष्ट सहा वेळा पडली, तर ती जाणार कोठे? माझा क्रमांक येईपर्यंत डोळ्यांचा तक्ता मुखोद्गत झाला. आत गेलो, हात जोडले आणि मोठ्या अक्षरापासून अगदी बारीक ओळीपर्यंत, योग्य तेथे विराम घेत, संपूर्ण पठण केले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तक्ता पुसायला काढलाय. माझ्या हातात आहे तो."

दारातला सनी (माझ्याआधी उत्तीर्ण झालेला कॅबवाला) बाहेरच्यांना म्हणाला, "राव, काकांना ब्लूटूथनं दिसतंय."

असत्य न बोलण्याचे शील मी पाळतो, हे आपण जाणता. माझे एकही अक्षर चुकले नव्हते. ते मला दिसले, असे मी म्हणालोच नव्हतो. हा सूक्ष्म भेद मी बाईंना समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि आकड्यांचा दुसरा तक्ता टांगला. (तो आधी कोणासही वाचायला दिला नव्हता, हा उघड पक्षपात.) मी विचारले, "कुठे टांगलात?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दाखला आता शस्त्रक्रियेनंतर. त्याच दिवशी बसची किल्ली मालक उद्धवरावांकडे सोपवली. झोपलेल्या माणसांना पाठांतराच्या जोरावर नेता येत नाही. दोन्ही डोळे झाले की किल्ली परत घेईन, निश्चिंत असावे.

आपला,
बुद्धभूषण

ता. क. पत्र नऊ पानांचे झाले. मजकूर थोडाच आहे, अक्षर मोठे आहे.

ता. क. दुसरे. पहिली शस्त्रक्रिया गुरुवारी निगडीस आहे. आपण राजगुरुनगरहून बुधवारीच यावे. गेल्या वर्षी आपल्या डोळ्याच्या वेळी मी देहाच्या अनित्यतेवर आपणास दोन तास प्रवचन दिले होते. तसले काही मला ऐकवू नये. नुसता हात धरून बसावे.

हे पत्र जो वाचेल, आणि ज्याला ते वाचून दाखवावे लागेल, त्या सर्वांची दृष्टी निर्मळ राहो.