भात होईपर्यंतचं वचन

आई, तुझं काळ्या पुठ्ठ्याचं बायबल मी या महिन्यात कपाटातून बाहेर काढलं. त्याला अजून चुलीच्या धुराचा वास येतो. इतकी वर्षं ते साड्यांखाली होतं आणि माझं सगळं मोबाइलवर चाललं होतं. रोज सकाळी एक वचन आपोआप येतं, मी ते वाचते, महिला मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकते आणि दुधाची पिशवी फोडते. पाळकसाहेब सांगतात, रोज वेळ काढा, वचन वाचा, प्रार्थना करा, विश्वास बळकट होईल. मी वेळ काढते. पण तोंडात प्रार्थना आणि डोक्यात किराणा, अशी माझी गत आहे. तुझं असं कधी झालं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू आणि शंका, हे माझ्या डोक्यात एकत्र बसतच नव्हतं. आता ते बसायला लागलंय आणि त्यामुळे माझा सगळा गोंधळ उडालाय.

मूल गावातलं आपलं घर आठव. राइस मिलच्या मागची ती ओळ, मागच्या अंगणात चूल आणि कमरेएवढी मातीची भिंत. भिंतीच्या पलीकडे शेजारच्या मावशीची चूल. तू आणि ती मिलमध्ये एकाच पाळीत धान वाळवायच्या, त्यामुळे दोघींचं आधण एकाच वेळी चढायचं. तुझा नियम एकच. तांदूळ वैरले की पुस्तक उघडायचं आणि भात झाला की मिटायचं. मग गोष्ट कुठेही असो. वाक्य अर्धं राहिलं तरी तू बोट ठेवून थांबायचीस, उद्या तिथूनच पुढे. मग भात वेळायचीस आणि निघालेली पेज गडव्यात भरून भिंतीवरून मावशीला द्यायचीस. पुढे तिचे यजमान लकव्यानं खाटेवर पडले, तेव्हा ती पेजच त्यांचा सकाळचा आहार झाली. मावशी बौद्ध. वर्षावासात त्यांच्या अंगणात ग्रंथ वाचला जायचा तेव्हा तू पदर सावरून मागच्या ओळीत जाऊन बसायचीस, आणि सकाळी तुझं वाचन ती भिंतीपलीकडून तांदूळ निवडत ऐकायची. कोणी कोणाला बोलवत नव्हतं आणि कोणी कोणाला ओढतही नव्हतं. तू इतक्या मोठ्यानं का वाचतेस, देव काय बहिरा आहे का, असं मी एकदा म्हटलं होतं. तू हसलीस आणि आवाज होता तेवढाच ठेवलास.

त्या नियमाचा मला फार राग यायचा. डोंगरावरची ती गोष्ट आठवते? बापानं लाकडं रचली, मुलाला बांधून वर ठेवलं, हातात सुरी घेतली, आणि तू झाकण उचलून बघतेस आणि म्हणतेस, "झाला भात." मी ओरडते, "त्या पोराचं काय झालं?" तू म्हणतेस, "उद्या मालूम पडन." मी शाळेत गेले, पण माझा जीव त्या लाकडांवर. बाई पाढे म्हणून घेत होत्या आणि मी बाकाखाली हात जोडून देवाला सांगत होते, की बाबा रे, त्याला सोड. कोणी न सांगता मी केलेली ती पहिली प्रार्थना. दुसऱ्या दिवशी मी आधीच हुशारी केली. तू पुस्तक उघडलंस तशी मी चुलीतली दोन लाकडं हळूच मागे ओढली, म्हणजे भात उशिरा होईल आणि गोष्ट पुरी होईल. पोरगा सुटला, झुडपात मेंढा सापडला, मी खूश. पण भात कच्चा राहिला, मिलचा भोंगा झाला, आणि तू मला जे बोललीस ते अजून कानात आहे. "देवाच्या गोष्टीसाठी माणसाचा भात कच्चा ठेवाचा नाई. देव थांबते, पोट थांबत नाई." मला वाटलं, काय बाई आहे, हिला सगळं ठाऊक आहे. पुढची कितीतरी वर्षं मी तुझ्याकडे तशीच बघत राहिले.

मग माझं लग्न झालं, मी बल्लारपूरला आले, यांची कागद कारखान्यातली नोकरी, आणि घरात कुकर. एके सकाळी तू नेहमीसारखं वाचलंस, भात वेळलास, मिलवर गेलीस आणि धान पसरता पसरता पडलीस. दुसरी सकाळ आलीच नाही. त्या दिवशी तुझं बोट कुठल्या ओळीवर थांबलं होतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. रडणं, पाहुणे, ख्रिस्तमंदिरातली उपासना, दफन, यात ते कोणाला सुचणार? ते कोणाच्या तरी लक्षात असेल असंही मला वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मावशीच्या मुलाचा फोन आला. तो आता मास्तर आहे, मूलला नवीन ले-आउटमध्ये घर बांधलंय. म्हणाला, "ताई, माय पडली, कंबर गेली. तुमचं नाव घेऊन राह्यली. येऊन जा ना." मी सकाळच्या गाडीनं गेले. मावशी खाटेवर चिमणीएवढी झाली आहे, पण डोळे तेच. मला वाटलं, तुझी आठवण काढेल, रडेल. तिनं माझा हात धरला आणि सरळ विचारलं, "तुह्या मायची गोष्ट अर्धीच राह्यली. तो कुंडाजवळचा माणूस. किती वर्षाचा पडून होता. त्याले विचारलं, तुले बरं व्हाचं हाय का? अन् तुह्या मायनं पुस्तक मिटलं. त्यानं काय म्हटलं मंग?"

आई, म्हणजे ते तुझं शेवटच्या सकाळचं वाचन. मी म्हटलं, "मावशी, इतक्या वर्षांत कोणालाही विचारायचंस. भाऊनं वाचून दाखवलं असतं."

"त्याले काऊन विचारू? तो मास्तर हाय. तो समजावून सांगन," ती म्हणाली. "मले समजून नाई घ्याचं. मले ऐकाचं हाय. पुढच्या खेपेले ते पुस्तक घेऊन ये, अन् गंजात भात मांड. कुकरवर नाई."

निघताना भाऊ फाटकापर्यंत आला. चांगला माणूस आहे, लहानपणी आपल्याच अंगणात खेळलेला. चपलेनं माती उकरत म्हणाला, "ताई, वाचा, माझी ना नाई. पण ती गोष्ट मले ठाऊक हाय. तो माणूस शेवटी उठून चालते. डॉक्टरनं सांगून टाकलं, माय आता चालत नाई. तिले आशा लावू नका. ती सकाळ झाली की पाय खाली सोडाले पाह्यते." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? गाडीत बसल्यावर मला भाऊचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि चांदा फोर्ट स्टेशन येईपर्यंत कोणाचा राग करावा तेच कळेनासं झालं.

बुधवारी परत गेले. सून अंगणवाडीत, भाऊ शाळेत. मी गॅसवर गंजात आधण ठेवलं, तांदूळ वैरले आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून वाचायला लागले, म्हणजे एक डोळा भातावर आणि आवाज मावशीपर्यंत. विहिरीवरच्या बाईपासून सुरुवात केली, तिनंच तसं सांगितलं होतं. मध्येच ती म्हणते, "ह्या बाईचं तोंड तिखट होतं, मले आवडे." मी हसते, पुढे वाचते. मग ते कुंड आलं, पायऱ्यांवर पडलेले सगळे आजारी आले, आणि तो प्रश्न आला. मग त्या माणसाचं उत्तर. त्यानं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. त्यानं रडगाणं लावलं, की मला पाण्यात सोडायला माझं कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच पुढे उतरतो. मावशी उशीवर मान वळवून म्हणाली, "खरं बोलला. पडलेला माणूस असंच बोलते." मग ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पुढची ओळ माझ्या बोटाखाली होती. ऊठ, आपली बाज उचल आणि चालायला लाग, अशा अर्थाची. आणि मला दिसले ते तिचे पाय, चादरीखाली वाळक्या काटक्या.

मी उठले. भात व्हायला अजून वेळ होता. मी गंज उतरवला आणि वेळून टाकला. "झाला भात मावशी," मी म्हटलं आणि पुस्तक मिटलं. लहानपणी गोष्ट पुरी व्हावी म्हणून जाळ मागे ओढला होता, आता पुरी होऊ नये म्हणून भात लवकर उतरवला. प्रगती म्हणायची.

मी वाटीत पेज ओतली, मीठ घातलं, चमच्यानं तिच्या तोंडाला लावली. तिनं एक घोट घेतला आणि जिभेवर फिरवला. "पाणी हाय हे," ती म्हणाली. मग हळूच हसली. "तुह्या मायनं बी त्या दिवशी असंच केलं होतं."

मी विचारलं, काय केलं होतं?

"भात कच्चा उतरवला. रोज पेज कशी दाट राहे. त्या दिवशी भिंतीवरून जे दिलं ते निस्तं पाणी. आमचे हे तिकडं बाजेवर पडून ऐकून राह्यले होते ना. पाय तर गेलेलेच. मी तेव्हाच समजली, पुढं काहीतरी हाय जे ह्या बाईच्यानं वाचणं नाई होऊन राह्यलं." तिनं डोळे मिटले. "मी काई बोलली नाई तिले. म्हटलं, उद्या वाचन ती पुढचं."

आई, आता तू मला सांग. ते तू का केलंस? तूच म्हणाली होतीस ना, देवाच्या गोष्टीसाठी भात कच्चा ठेवायचा नाही? काकांची कीव आली म्हणून थांबलीस, की ती ओळ वाचून ते उठले नाहीत तर काय, याची भीती वाटली? तू काकांना वाचवत होतीस की देवाला? आणि डोंगरावरच्या त्या पोराच्या वेळी भात खरंच झाला होता का, की तेव्हाही तू मला दिवसभर तळमळत ठेवायला एक लाकूड जास्त सारलं होतंस? ज्या बाईच्या विश्वासाला टेकून मी आजवर उभी आहे, तिनंही एका ओळीसाठी भात कच्चा उतरवला होता, हे कळल्यावर मला दुःख व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. तू मला एकदम जवळची वाटलीस. पण मग मी टेकायचं कशाला, हे काही समजत नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर ते मला आणखी एक वचन देतील. ते चुकीचं नसेलही, पण माझा प्रश्न भाताचा आहे.

निघताना मावशी म्हणाली, "पुढच्या खेपेले पुरं वाच. मी चालाले नाई मागून राह्यली. मले फक्त ऐकाचं हाय, त्याले काय म्हटलं ते. पोराले भेव वाटते, त्याले वाटू दे. तू नको भिऊ." मी मान हलवली. तिला दिसली की नाही कोण जाणे.

उद्या जायचं आहे. आज हे बाहेर गेल्यावर मी कुकर बाजूला सारला, जुना गंज घासला, आधण ठेवलं आणि ओट्याशी उभी राहून तुझ्यासारखं मोठ्यानं वाचलं. म्हटलं, सराव करावा, उद्या आवाज फुटला नाही तर? शेजारीण खिडकीतून डोकावून गेली. विहीर, कुंड, प्रश्न, रडगाणं. मग ती ओळ. पहिल्यांदा ती सोडून खालच्या ओळीवर गेले. दुसऱ्यांदा वाचली. मग तो उठला, बाज खांद्यावर घेतली आणि चालायला लागला, आणि लोक त्याच्याशी भांडायला लागले की आज विसाव्याच्या दिवशी बाज का उचललीस, इथपर्यंत मी वाचत गेले, आणि मग पुस्तक तसंच उघडं ठेवून डोळे मिटले. वास आला तेव्हा भात खाली लागला होता. खालचा थर काळा, वरचा गाळ. यांना आज काय वाढायचं हा वेगळाच प्रश्न आहे.

हे पत्र मी तुझ्या बायबलमध्ये ठेवणार होते. पण ते उद्या मावशीच्या घरी न्यायचं आहे, आणि भाऊ मास्तर आहे, कागद दिसला की वाचतो. म्हणून चुलीत घातलं असतं, पण चूलही नाही. कुठे ठेवायचं ते बघते. तुला म्हणून सांगते. मावशीनं मागितलं नाही. भाऊनं तर बजावलं आहे, की आशा लावू नका. मलाही ठाऊक आहे, तिची कंबर गेली आहे आणि वय झालं आहे. पण डोळे मिटले तेव्हा डोक्यात किराणा नव्हता. मी मागितलं, आई. तिनं उठून चालावं, असंच मागितलं. कुणाला सांगू नकोस.