घाटनदेवीपर्यंतची हाक

प्रिय विनू,

तुला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. तू उत्तर दिलं नसतंस, मग शाई कशाला वाया घालवायची? आता लिहिते आहे, कारण निदान मध्येच "ताई, मुद्द्यावर ये" असं म्हणून तू मला तोडणार नाहीस.

मुद्दा असा आहे. शनिवारी सकाळी तुझी शर्यतीची गाडी पुन्हा ट्रेलरवर चढणार. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. तुझी मुक्ता ती घेऊन शर्यतीला निघाली आहे. परवा अंगणात ट्रेलर धुताना ती मला सहज म्हणाली, "आत्या, गाडी उलटी चढवायची बरं का, तोंड मागे. बाबांचं लकी होतं ते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या उजव्या कोपरावरचा व्रण तिने लहानपणापासून पाहिलाय. तो कशाचा आहे असं तिला वाटतं, ते तुला माहीत आहे. तूच सांगितलंस ना तिला!

तुझ्या शोकसभेत दिलीपनेही तेच सांगितलं. जन्मभर तुझी जीप चालवली त्याने, म्हणून माइक त्याच्या हातात दिला. "विनूच्या ताई इतक्या मायाळू," तो गळा काढून म्हणाला, "की एकदा शर्यतीला जाऊ नको म्हणून स्कूटरवर रडत रडत घाटनदेवीपर्यंत आल्या. वाटेत पडल्या, हात फोडून घेतला, पण भावाला अडवायला आल्याच!" अख्ख्या सभागृहाने डोळे पुसले. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. मी पहिल्या रांगेत, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर बसले होते. तू फोटोत हसत होतास. हसशील नाही तर काय!

मी रडले होते? मी?

विनू, सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण तुझ्या तोंडाने ते कधी बाहेर आलं नाही, म्हणून आता माझ्या हाताने येऊ दे.

दिलीपने सांगितली त्याच्या आधीच्या शर्यतीहून तू परत आलास तेव्हा गाडीत चिखल होता. शर्यतीसाठी दारांच्या काचा काढून टाकलेल्या, आणि उघड्या ट्रेलरवर घाटातला पाऊस आणि ट्रकांनी उडवलेली घाण थेट आत. बैठक भिजली, वायरी भिजल्या. दोन दिवस तू हेअर ड्रायर घेऊन गाडीत बसला होतास. माझा हेअर ड्रायर.

"ताई, तू ओझरच्या कारखान्यात विमानांचे नकाशे काढतेस ना? मग मला दोन खिडक्या काढून दे," म्हणालास. "ट्रेलरवर असताना लावायच्या, मैदानावर पोचलं की काढायच्या."

काय मजा आली होती रे ते करताना! साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा दाराच्या भोकाला लावून मी माप घेतलं. ॲक्रिलिकचा पत्रा आणला. जेवणाच्या टेबलावर तो पसरला, तर आई पापडांची परात घेऊन उभी. "माझ्या पापडांना जागा नाही आणि तुमच्या खिडक्यांना आहे!" पहिलं भोक तू घाईघाईने पाडलंस आणि काच तडकली. दुसऱ्या वेळी मी खाली लाकडाची फळी ठेवली, ड्रिल हळू फिरवायला लावलं आणि भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवलं, कारण उन्हात ही काच फुगते. तू म्हणालास, "ताई, तू विमानं करतेस की लोणचं? इतकं हळू?"

खिडकीच्या पुढच्या कडेला दोन जिभा होत्या, त्या दाराच्या चौकटीत खोचायच्या. मागच्या कडेला दोन फिरक्या, बोटाने वळवल्या की बसतात. आणि मी तुला एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. गाडीचं तोंड जीपकडे हवं. मग वारा पुढून येतो आणि काच चौकटीत आणखी दाबली जाते. गाडी उलटी चढवलीस तर वारा फिरक्यांच्या कडेखाली शिरेल आणि काच पत्र्यासारखी उचलून नेईल.

"कळलं, मास्तरीणबाई," तू म्हणालास.

कळलं होतं तुला. तरीही पुढच्या शर्यतीच्या सकाळी गाडी उलटी चढलेली होती. का? तर चिखल घेऊन आलास त्या शर्यतीला जाताना रॅम्प मोडला होता म्हणून नाइलाजाने उलटी चढवली होती आणि तुला बक्षीस मिळालं होतं! वळणावर ब्रेकला पाय न लावणारा माणूस, पण मांजर आडवं गेलं की पाच पावलं मागे येणारा. तुझ्या डोक्यात हे दोघे एकत्र कसे राहत होते, देव जाणे.

मी बाहेर आले तेव्हा आईचं तुझ्या हातावर दही ठेवून झालं होतं आणि जीप फाटकातून निघाली होती. गाडीचं नाक माझ्याकडे, घराकडे! मी ओरडले, "विनू, थांब! गाडी उलटी आहे!" आणि आईने माझ्या तोंडावर हात दाबला. दह्याचा हात. "निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात का? एवढी कॉन्व्हेंटात शिकलीस, एवढं कळत नाही?"

कॉन्व्हेंटात आम्हाला उलट शिकवलं होतं. सिस्टर म्हणायच्या, चूक दिसली की वर्गात उभं राहून मोठ्याने सांगा.

आणि तू ऐकलंस, विनू. नाही म्हणू नकोस. तुझी मान किंचित वळली आणि परत सरळ झाली. मागून हाक आली म्हणून तू थांबला नाहीस. थांबला असतास तर अपशकुन, नाही का?

त्या वेळी कुणाच्या खिशात फोन होता? मी स्कूटर काढली. मुंबई नाका, पाथर्डी फाटा, विल्होळी, सगळीकडे वाटायचं, इथे दिसेल. वाडीवऱ्हेच्या अलीकडे तुमचा ट्रेलर दिसला. रस्त्याच्या उजव्या बाजूची खिडकी फिरक्यांच्या कडेने फडफडत होती. लांबून दिसत होती रे! एक फिरकी सुटलेलीच होती. मी हॉर्न वाजवला, हात केला. तू जीपच्या आरशात मला पाहिलंस, आणि जीपचा वेग वाढला. वाढला! दिलीपला काय सांगितलंस? "चल, ताई मागून बोलावतेय, बघू नकोस"?

तेवढ्यात माझ्या मागून एक मोटरसायकल आली. टाकीवर पोरगी, मागे बायको, तिच्या मांडीवर भाजीची पाटी. तो ट्रेलरला उजवीकडून मागे टाकायला निघाला. बरोबर त्या खिडकीच्या बाजूने. पोरीचं डोकं खिडकीच्या उंचीला होतं.

मी स्कूटर त्याच्या पुढ्यात घातली. दुसरं काय करणार होते?

"ओ बाई! मधीच काय आडव्या येता? मरायची लय हौस हाय का?"

"मागे राहा! पुढे जाऊ नका! खिडकी सुटतेय!"

"कोणाची खिडकी?"

तेवढ्यात ती सुटली. आवाज झाला नाही, फक्त काहीतरी चमकलं. काच हवेत एकदा उलटी झाली, डांबरावर आपटली आणि फुटली. एक तुकडा माझ्या कोपराला लागला. मोटरसायकल वाकडी झाली, पण पडली नाही. पोरगी रडायला लागली. त्या माणसाने गाडी कडेला घेतली. त्याच्या बायकोने माझीच ओढणी माझ्या हाताला घट्ट बांधली आणि म्हणाली, "बाई, घरी जा आता."

घरी कशी जाऊ? डावी खिडकी अजून होती ना! आणि पुढे कसारा घाट, रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं. तुम्ही तर थांबलाही नव्हतात. मी काचेचा एक मोठा तुकडा डिकीत टाकला आणि निघाले. मनात एकच होतं. घाटाआधी घाटनदेवीला नमस्कार केल्याशिवाय एकही गाडीवाला खाली उतरत नाही, आणि तू तर नाहीच नाही. तुझ्या ज्या खुळाने माझी हाक उडवून लावली, तेच खूळ तुला थांबवणार होतं.

थांबला होतास. देवीसमोर डोळे मिटून हात जोडले होतेस. दिलीप नारळ आणायला गेला होता. माझा हात, ओढणी, रक्त, सगळं बघून पहिलं वाक्य काय बोललास?

"ताई, मागून कशाला आलीस?"

"तुझी खिडकी द्यायला," मी म्हणाले, आणि तुकडा तुझ्या हातात दिला.

तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला. मोटरसायकलवरच्या पोरीचं सांगितलं तेव्हा तू तिथेच पायरीवर बसलास. मग उठून डावी खिडकी काढलीस, दोन फिरक्या वळवून, जिभा सोडवून. किती वेळ लागला रे? आईचा एक पापड भाजायला लागतो तेवढा. काढता यावी म्हणूनच तर केली होती ती!

"ताई, उलटी चढवलेलं आईला सांगू नकोस," तू म्हणालास. "ती गाडीच विकायला लावेल." मी कबूल केलं. तुम्हाला अजून घाट उतरायचा होता. नारळ घेऊन दिलीप आला तेव्हा माझे डोळे लाल होते. नाशिकपासून सगळ्या ट्रकांची धूळ त्यांत गेली होती. तेवढं त्याने पाहिलं, आणि उरलेलं तू पुरवलंस.

मी गप्प राहायचं वचन दिलं होतं. तू माझ्या नावाने गोष्टी रचायच्या, असं कुठे ठरलं होतं? आणि आई! ती अजूनही माझ्या कोपराकडे बघून म्हणते, "मागून हाक मारलीस म्हणून झालं ते." तू समोर बसून चहा पीत ऐकायचास. एकदा तरी म्हणायचंस, "नाही गं आई, ताईची हाक ऐकली नाही म्हणून झालं." चहा थंड झाला असता का?

तुझ्यावर माझी माया नव्हती, असं नाही. पण माझ्या डोक्याने केलेलं काम तू माझ्या डोळ्यांतल्या पाण्याच्या नावावर लिहिलंस. हे मी विसरत नाही. आणि त्या खोट्याखाली खरी गोष्ट अशी गाडली गेली की आता तुझी लेक, तुझ्या प्रेमापायी, तीच गाडी उलटी चढवायला निघाली आहे. तिने नवीन खिडक्याही केल्या आहेत. माझ्याच जुन्या पुठ्ठ्यावरून, त्याच बाजूला फिरक्या ठेवून.

म्हणून काल मी वचन मोडलं. तुला विचारत नाही, कळवते आहे.

मुक्ता आधी चिडली. "बाबा इतकी वर्षं खोटं बोलले? आणि तू आत्ता सांगतेस, ते नसताना?"

"ते असताना सांगितलं असतं तर त्यांनी तुला हसवून विषय बदलला असता," मी म्हणाले. "शनिवारी रस्त्यावर तुझ्या ट्रेलरच्या मागून कोण येतंय, हे तुला माहीत आहे का?"

ती उठली. गाडीच्या दाराशी जाऊन फिरक्यांवर बोट फिरवत राहिली. मग परत आली आणि विचारलं, "त्या मुलीला लागलं नाही ना, आत्या? नक्की?"

विनू, हे तूही पायरीवर बसून विचारलं होतंस. अगदी ह्याच शब्दांत. त्यासाठी तुझं अर्धं माफ.

तुला न्यायला उचललं तेव्हा मी फाटकाशी उभी राहून मागून हाक मारली होती. या वेळी आईने माझं तोंड दाबलं नाही. आणि तू, नेहमीसारखाच, थांबला नाहीस.

पण ती थांबणार आहे. आमचं ठरलंय. गाडीचं तोंड जीपकडे असेल. ट्रेलर फाटकाबाहेर पडला की मी मागून हाक मारायची, भर रस्त्यात, शेजारपाजार ऐकेल अशी. मुक्ताने जीप थांबवायची, उतरायचं, दोन्ही खिडक्या हाताने ओढून बघायच्या आणि मगच निघायचं. आईला मी आजच सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "हाक मारायचीच असेल तर नीट मार. अर्धवट मारू नकोस."

माझा आवाज अजून खणखणीत आहे. जोवर तो आहे तोवर तुझी लेक हाकेशिवाय या फाटकातून जाणार नाही, हा माझा शब्द.

तुझी,
न रडलेली ताई