लाल जिभेचा लांडगा

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! ट्रकमध्ये कोळशाच्या पोत्यांवर बसून आले, त्यामुळे उतरले तेव्हा तोंड काळं आणि दात तेवढे पांढरे. बादमाताईंचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मधोमध शेगडी, भिंतीशी लोकरीचे ढीग आणि सहज हसणाऱ्या बायका. मला राहायला अंगणातला छोटा गेर, म्हणजे गोल तंबू, दिलाय. दार दक्षिणेला, दिवसभर ऊन. चिमगे म्हणून एक आहे, तिनं आल्या आल्या माझे हात धरले. म्हणाली, "सारनाई, शहरातली ना तू? बोटं मऊ असतील तर चहा कर, राठ असतील तर सुई घे." मग पाहून म्हणाली, "मधलीच आहेत. दोन्ही कर!" मिठाचा चहा चांगला जमला. फार दिवसांनी पोटभर जेवले.

७ ऑक्टोबर
काम आवडतंय. घोडा, उंट, बैल, मेंढी, बकरी. टांगायचे एवढेएवढे प्राणी, तळहातावर मावणारे. कागदी नमुना फेल्टवर, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडावर, ठेवून अंगाच्या दोन बाजू कापायच्या, मध्ये पोटाची पट्टी. फेल्टचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडायला नको, वरूनच काजटाका. शेपटीपाशी बोटभर जागा उघडी ठेवायची, तिथून पिंजलेली लोकर भरायची आणि मग शिवून टाकायचं. आधी पाय भरायचे हे मी विसरले. बादमाताईंनी माझा उंट टेबलावर ठेवला, तो आडवा पडला. "दारू प्यायलाय वाटतं," म्हणाल्या आणि उसवायला लावला.
शहरातल्या दुकानाला नवीन काहीतरी हवंय. प्रत्येकीनं आपल्या मनानं एक नमुना बेतायचा, असं ठरलंय.

१२ ऑक्टोबर
मी लांडगा बेतला.
मागच्या हिवाळ्यात आमचा सगळा कळप लांडग्यांनी फाडला. बाबा आता शहरात भावाच्या घरी खिडकीशी बसून असतात. लांडग्याचं नावसुद्धा घेत नाहीत, अजून घाबरतात. म्हणून मी त्याला शिवणार, पाठीत फासा घालणार आणि टांगणार. पोरं त्याला टिचक्या मारतील. मारूदेत.
कागद पाहून बादमाताईंनी हातातली सुई खाली ठेवली. म्हणाल्या, आपण पाच पाळीव जातींचीच जनावरं शिवतो, जी दूध देतात, ओझं वाहतात. रानातल्याला घरात बोलवायचं नाही. कागद शेगडीत टाक. मी विचारलं, "ताई, कागदाला दात असतात का?" चिमगे फिसकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. कागद मी घडी करून खिशात घातला.

१५ ऑक्टोबर
झाला! राखाडी फेल्ट, काळ्या दोऱ्याच्या गाठींचे डोळे, जबडा उघडा आणि आत लाल जीभ. लोकर मुद्दाम हलक्या हातानं भरली, मऊ राहावा, उशीसारखा. कारखान्यात प्राण्यांच्या माळेशेजारीच टांगला. चिमगेनं स्वतःसाठी एक मागितला, "नवऱ्याला भिववायला." त्याच कागदावरून तिला दुसरा करून दिला. बादमाताई माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

१९ ऑक्टोबर
माळेतल्या मेंढ्या फाटल्या. सगळ्याच. उंदीर, असं बायकांचं म्हणणं पडलं. पण उंदीर मिळेल तिथे कुरतडतो, आणि इथे प्रत्येक मेंढी गळ्याशीच फाटलीय. लांडग्याच्या जिभेला पांढरी लोकर चिकटली होती. मी ती काढली आणि त्याच्यासमोर बसून एकेक मेंढी नीट शिवली. मोठ्यानं म्हटलं, फाड पुन्हा, माझ्याकडे दोरा पुष्कळ आहे.

२३ ऑक्टोबर
चिमगेच्या बकऱ्या गेल्या. भर दुपारी, वाड्याची कडी लावलेली असताना. ताज्या बर्फात बाहेरून आत येणारं एकही पाऊल नव्हतं. जी होती ती तिच्या गेरच्या दारापासून वाड्यापर्यंत.
तिच्याकडचा लांडगा खाली पडला होता. पोट टम्म. चिमगे हसत नव्हती. म्हणाली, "सारनाई, माझी पोरं याच्याखाली झोपतात गं." मी तो उचलून आणला आणि शेगडीत घातला. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. हा वास चरबीचा होता. निखाऱ्यांवर काहीतरी ठिबकत राहिलं. शेवटपर्यंत समोर उभी राहिले, हलले नाही.

२६ ऑक्टोबर
आता माझा. खिशातला कागद काढून त्यावर ठेवून पाहिला. याच कागदावरून कापलेला, पण पाय चारी बाजूंनी कागदाबाहेर येतात. मान वीतभर लांब. टाके माझेच, ओळखू येतात, पण ताणलेले.
शेगडीत घातला. विस्तव विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मग उंटाच्या केसांचा दुपदरी दोरा घेतला आणि त्याचा जबडा शिवून टाकला. शिवताना बोटांना वाफ लागत होती.

२८ ऑक्टोबर
दोरा तुटलाय. आतून. टोकं चावलेली.
तो आता मेंढीएवढा.
बादमाताईंनी ठरवलं, सगळ्यांनी गुरं आणि पोरं घेऊन त्यांच्या भावाच्या वस्तीवर जायचं. मला ओरडल्या, हाताला धरून ओढलं. मी म्हटलं, ताई, इथे कोणी नसलं तर तो मेंढ्यांच्या वासानं तुमच्या मागे येईल. त्यांनी विचारलं, "आणि तू असलीस तर?" मी म्हटलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे.
त्यांनी माझ्या कपाळाचा वास घेतला, आई घेते तसा. चिमगेनं स्वतःची चामड्याची अंगठी, सुई टोचू नये म्हणून घालतात ती, माझ्या बोटात घातली. शिव्या देत, रडत. ट्रक गेला.

२९ ऑक्टोबर
कारखान्याला आतून कडी लावली. बाहेर वादळ. तो बेतायच्या टेबलावर बसलाय. माझ्या हातांकडे बघतो, तोंडाकडे नाही.
खायचं असतं तर — पण थांबलाय कशाला?
कात्री उचलली की कान मागे घेतो.
अच्छा.

३० ऑक्टोबर, दुपार
लिहून ठेवते. ताई, परत आलात तर कळायला हवं — तो उसवता येतो.
शेपटीपासून सुरू केलं. पहिला टाका कापला तेव्हा असा किंचाळला की काच तडकली. म्हणजे दुखतं. म्हणजे चालतंय. जाळू नका, पळू नका. टाका शोधायचा आणि कापायचा.
डावा दंड फाडलाय त्यानं. बांधला. कात्री धरता येते.

नंतर
मागचे पाय सुटले. लोकर बाहेर येतेय, गरम, ओली — मी भरलेली नाही ही लोकर. मागचं धड रिकामं झालंय, तरी पुढच्या पायांवर सरकत येतो. येऊ दे. मलाही त्याच्या मानेपर्यंतच जायचंय.

पोटाची पट्टी निघाली. उरली फक्त मान.
जबडा उघडलाय. उघड. आतली शिवण तिथूनच दिसते, नाहीतरी हात आत घालावाच लागणार होता —
ताई, गळ्याचे टाके मी दुहेरी घातलेत, जिभेच्या मुळाशी गाठ आहे, ती आधी —
सापडली. उजवा हात आत आहे, डाव्यानं लिहितेय. कात्री लागलीय. आता फक्त