रोज पंचवीस शब्द

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. पहाटे ५.१०
मिनलचे होणारे सासू-सासरे १२ ऑक्टोबरला त्रिशूरहून आपल्या नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी बैठकीला येणार. त्यांना मराठी नाही, हिंदी नाही. आपल्याला मल्याळम नाही. म्हणजे इंग्रजी. मुद्दा एकच: लग्न नागपूरकडेच, मुलीच्या घरचं. तो मी जिंकणार.
बर्डीच्या बाजारातून पुस्तक आणलं. एक हजार प्रगत शब्द, प्रत्येकाची व्याख्या, खाली उदाहरणाचं वाक्य. रोज पंचवीस. १० ऑक्टोबरला संपतं. ११ ला उजळणी.
बारावीनंतर जे शिकलो ते स्वतः. धान्याची अडत, जीएसटी, होमिओपॅथी. हेही होईल.
मिनल म्हणाली, बाबा, मी बसते ना मधात, दोघांनाही सांगते. नवरीने स्वतःच्याच सोयरिकीत दुभाषी व्हायचं? आपल्यात असं नसतं. तिला त्या दिवशी आत बसायला सांगितलं.

बुधवार, ३ सप्टेंबर
आजवर १९. कमी वाटतात, पण पक्के आहेत.
'ॲक्विएस': तोंडाने विरोध न करता मान्य करणे. माझ्या स्वभावात नाही, तरी पाठ केला.
पुस्तकातली वाक्यं सगळी जहाजाच्या कप्तानांची. मी आपल्या कळमन्याच्या धान्यबाजाराची करतो. 'अबेट', म्हणजे ओसरणे: दुपारी बाजारातली गर्दी अबेट होते. बायकोला, कुसुमला, ऐकवलं. ती म्हणाली, दुपारी तर तुम्ही घरी झोपून राह्यता, तुम्हाले काय मालूम.

मंगळवार, ९ सप्टेंबर. पहाटे ५.५०
एकूण ६१. पितृपक्ष लागला. या दिवसांत नवीन काम सुरू करत नाहीत, पण हे आधीच सुरू होतं, त्यामुळे हरकत नाही. वेग मात्र आपोआप मंदावतो.
उरले ९३९, उजळणीचा दिवस धरून दिवस ३३. रोज साडेअठ्ठावीस. अर्धा शब्द म्हणजे व्याख्या आज, वाक्य उद्या.

रविवार, १४ सप्टेंबर
व्याह्यांचा व्हिडिओ कॉल. चार मिनिटं. सुरुवातीलाच 'ऑस्पिशस', म्हणजे शुभ, वापरला. ते थांबले, मग हात जोडले. नंतर काही तरी बोलले. नेटवर्क खराब आहे असं मी सांगितलं.
मिनल म्हणते नेटवर्क चांगलं होतं. ते फक्त तब्येत विचारत होते.
कुसुम: पोरीले बसू द्या मधात, कायले जिवाले त्रास. दुर्लक्ष केलं.

रविवार, २१ सप्टेंबर
११८. उरले ८८२, दिवस २१. रोज बरोब्बर ४२. पूर्ण भाग गेला, चांगलं लक्षण आहे.
दादांना, म्हणजे थोरल्या भावाला, मधुकररावांना, गावी खाप्याला फोन केला. लग्न इकडेच समजा. ते म्हणाले, तू बोलशीन ना गा त्यायच्याशी? माझ्यावर सोडा म्हटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी गावात सांगूनही टाकलं. सहाशे पान. आचारी ठरवला. मांडव त्यांच्याच अंगणात.

मंगळवार, ३० सप्टेंबर
१४०. पुस्तकात अजून 'सी' चालू आहे. हिशेबाने रोज एकाहत्तर पूर्णांक सदुसष्ट येतात.
पद्धतीत बदल. पुढची पानं चाळून पाहिली. 'डी' पासूनचे शब्द चारचौघांच्या बोलण्यात फारसे लागत नाहीत. ते वगळले. म्हणजे पुस्तक जवळपास संपलंच.
मिनल म्हणाली, बाबा, रोज अर्धा तास माझ्याशी साधं बोला, मी पण साधं बोलते. साधं काय, कोणालाही येतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर
स्वागताचं भाषण पाठ. नऊ वाक्यं, १७ प्रगत शब्द. शर्टाला इस्त्री. तयारी पूर्ण.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी ४.२०
बैठक झाली. भाषण निर्दोष. १७ पैकी १७. व्याही भारावले.
मग ते बोलू लागले. मला इंग्रजीचा मोठा जाणकार समजले असावेत, कारण जरा हळू बोलावं असं त्यांना वाटलं नाही. अकरा मिनिटं. त्यातलं देऊळ, आई, शहाऐंशी आणि गुडघा एवढंच मला कळलं. अधूनमधून थांबून माझ्याकडे पाहायचे. पुन्हा सांगा म्हणणं बरं दिसलं नसतं. प्रत्येक वेळी 'ॲब्सोल्यूटली' म्हणालो. सात वेळा. सातव्याला त्यांनी उठून मला मिठी मारली. विहीणबाई डोळे पुसत होत्या.
प्रभाव पडला आहे. लग्नाच्या जागेचा विषय मात्र राहून गेला.

त्याच दिवशी, ५.०५
पाहुणे हॉटेलवर गेल्यावर मिनल आतल्या खोलीतून बाहेर आली. म्हणाली, बाबा, तुम्ही काहून हो म्हटलं?
तिने आतून ऐकलेलं सगळं सांगितलं. व्याह्यांची आई शहाऐंशी वर्षांची. गुडघे गेलेले, प्रवास होत नाही. म्हणून लग्न त्रिशूरला. देवळात. सकाळी सातला. वीस मिनिटांत. मंगलाष्टकं नाहीत. आपली चाळीस माणसं. हे सहा प्रश्न. सातवा होता, तुम्ही मनापासून राजी आहात ना.
मी म्हणालो, विचार करूनच बोललो. म्हातारीचाही जीव आहे.
कुसुम म्हणाली, आत्ताच फोन लावा अन् सांगा, समजलं नव्हतं म्हणून. फोन हातात घेतला. 'समजलं नव्हतं' याला प्रगत शब्द सापडेना. साधा म्हणवेना. फोन ठेवला.

सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळी ९.३०
दादांच्या कानावर गेलं. त्यांचा फोन. म्हणाले, सहाशे लोकायले आता काय सांगू गा? माह्या भावानं इंग्रजीत हो म्हटलं म्हणून? वर म्हणाले, तुह्या वहिनीनं पापडाचं उडीद दळून आणलं. मग त्यांनीच फोन ठेवला.

११.४०
व्याह्यांचा मेसेज. विमानतळावरून. चौदा ओळी, इंग्रजीत. आई सकाळपासून ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आहे की नातसून घरच्या देवळात येणार. आम्ही विनवण्या करायच्या तयारीने आलो होतो. मुलीचा बाप, म्हणजे राग आला असता तरी चूक नव्हतं. तुम्ही एकदाही अडवलं नाही. इतक्या मोठ्या मनाचा माणूस आम्ही पाहिला नाही.
एकही शब्द पुस्तकात शोधावा लागला नाही.

१.१०
दीड तास उत्तर लिहितो आहे. चार वाक्यं लिहिली, चारही पुसली. मिनल ऑफिसला गेली आहे. कुसुम म्हणाली, कायले एवढा घोर? तो अंगठा असते ना मोबाइलमधात, तो पाठवून द्या.

१.१५
अंगठा पाठवला.